मजुरीचा खाडा मोजतो, मग शाळेचा खाडाही मोजू या

कामावर एक दिवस गेलो नाही, तर आपल्याला त्याचा हिशोब तोंडपाठ असतो. मुकादमाच्या वहीत खाडा पडला, हप्त्याचे पैसे तेवढे कमी आले, हे घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असते. पण आपल्या लेकराचे गेल्या महिन्यात शाळेचे किती खाडे झाले, असे कोणी विचारले तर आपण गप्प होतो. "जातो की रोज," असे म्हणतो. रोज म्हणजे नेमके किती दिवस, हे कोणी मोजलेले नसते.

आरोग्याच्या पानावर शाळेचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. कारण सरळ आहे. शाळेचे पुष्कळ दिवस तब्येतीपायी बुडतात. ताप, जुलाब, खरूज, अशक्तपणा, पाळीचे दुखणे, रात्री न झालेली झोप, मनात बसलेली भीती ही सगळी आरोग्याचीच कारणे आहेत. यातल्या बहुतेकांवर घरात, वस्तीत किंवा सरकारी दवाखान्यात फुकट उपाय आहे. आई-बापाला लिहिता-वाचता येत नसले तरी हे उपाय करता येतात.

महिन्याला दोन दिवस म्हणजे किती?

शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीची शाळा वर्षाला किमान २०० दिवस आणि सहावी ते आठवीची किमान २२० दिवस भरली पाहिजे. शाळेचे वर्ष साधारण दहा महिन्यांचे. महिन्याला दोनच दिवस बुडाले, तरी वर्षाचे वीस दिवस होतात. म्हणजे २०० दिवसांतला दहावा हिस्सा गेला. पहिलीपासून आठवीपर्यंत असेच चालले तर १६० दिवस जातात. पाऊण वर्षाहून जास्त शाळा बुडाली आणि ती एकदम बुडाली नाही, म्हणून कोणाच्या लक्षातही आली नाही.

बुडालेला दिवस एकटा जात नाही. भागाकार वर्गात तीन-चार दिवस शिकवतात. त्यातले दोन दिवस लेकरू घरी राहिले, तर पुढे अपूर्णांक आले की त्याला काही उमगत नाही. मग बाई प्रश्न विचारतात तेव्हा ते खाली बघते, मुले हसतात, आणि दुसऱ्या दिवशी शाळेत जायला पाय उचलत नाही. पहिला खाडा तापामुळे पडला होता, तिसरा-चौथा लाजेमुळे पडतो. शाळा सुटण्याची सुरुवात पुष्कळदा अशी बारीक असते.

आणखी दोन गोष्टी पालकांनी ध्यानात ठेवाव्यात. आपल्या राज्यात आता पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आहे. तीत नापास झालेल्याला पुन्हा परीक्षा देता येते, पण त्यातही नापास झाल्यास त्याच वर्गात बसावे लागते. आणि दहावीच्या परीक्षेला बसण्यासाठी ७५ टक्के हजेरीचा नियम आहे.

शाळेत लेकरू दररोज पोहोचावे, ही काळजी जुनी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, तेव्हा मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड ठेवला होता. त्या काळी रुपया ही मोठी रक्कम होती. आज तसा दंड नाही. आज घरातच मोजणी ठेवायची आहे.

भिंतीवरची दिनदर्शिका कामाला लावा

बहुतेक घरांत भिंतीवर दिनदर्शिका असते. तिच्यावरच शाळेची हजेरी ठेवा. ज्या दिवशी लेकरू शाळेत गेले नाही, त्या तारखेवर फुली मारा. शेजारी कारणाची खूण करा. आजारासाठी एक ठिपका, घरकाम किंवा शेतकामासाठी दोन ठिपके, गावाला किंवा लग्नाला गेल्यास तीन, आणि "मला जायचेच नाही" असे लेकरू म्हणाले असेल तर गोल. दोन-तीन लेकरे असतील तर प्रत्येकाला वेगळ्या रंगाची पेन्सिल. ज्या आईला अक्षर येत नाही, तिलाही हे जमते.

महिन्याच्या शेवटी फुल्या मोजा. दोन किंवा त्याहून जास्त असतील तर कारणाच्या खुणा पाहा. त्याच त्या खुणा पुन्हा पुन्हा दिसतील, आणि काय करायचे ते त्यातूनच कळेल. ठिपका एकच असेल तर तब्येत पाहायची. दोन असतील तर घरच्या कामाची वाटणी बदलायची. गोल दिसला तर लेकराशी आणि शाळेशी बोलायचे.

बदनापूर आणि भोवतालच्या गावांत खाडे कधी पडतात, हेही ठरलेले आहे. पावसाळ्यात ताप आणि जुलाब. दिवाळीच्या आगेमागे कापसाची वेचणी. दिवाळीनंतर ऊसतोड आणि वीटभट्टी. पुढे तुरीची काढणी, हरभऱ्याची सोंगणी. मार्चपासून ऊन, पाण्याची ओढाताण आणि लग्नसराई. कोणता महिना जड जाणार हे आधीच ठाऊक असेल, तर त्याची तयारीही आधीच करता येते.

आजारी लेकरू: कधी घरी ठेवावे, कधी पाठवावे?

काही घरांत शिंक आली तरी लेकराला घरी ठेवतात. काही घरांत अंग तापलेले असतानाही पाठवतात. दोन्ही बरोबर नाही. पुढचा साधा नियम लक्षात ठेवा.

घरी ठेवावे:
– ताप १०० फॅरनहाइटच्या वर असेल तर. औषध न देता २४ तास ताप आला नाही, की शाळेत पाठवावे.
– उलटी किंवा पातळ जुलाब चालू असतील तर. थांबल्यावर एक दिवस जाऊ द्यावा.
– कांजिण्या आल्या तर सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत. गोवर असेल तर पुरळ उठल्यापासून चार दिवस. गालगुंड असेल तर सूज आल्यापासून पाच दिवस. हे सगळे विषाणूचे आजार आहेत. कोणाचा कोप नाही. दवाखान्यात दाखवा आणि लेकराला नीट जेवू-खाऊ घाला.
– डोळे आले असतील आणि चिकट घाण येत असेल तर ती कमी होईपर्यंत. त्याचा टॉवेल वेगळा ठेवा.

पाठवावे:
– नुसती सर्दी किंवा थोडा खोकला, ताप नाही, लेकरू खाते-पिते आणि खेळते आहे.
– डोक्यात उवा झाल्या आहेत. उवांचे औषध करा, पण त्यासाठी शाळा बुडवू नका.
– खरूज आहे आणि औषध सुरू झाले आहे. औषध लावले की दुसऱ्या दिवसापासून शाळेत जाता येते. मात्र औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावले पाहिजे, आणि कपडे-अंथरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात वाळवले पाहिजे. एकट्या लेकराला औषध लावले तर खरूज पुन्हा येते आणि खाडेही पुन्हा पडतात.

जुलाब लागल्या लागल्या ओआरएसचे पाणी सुरू करा. पुडी आशाताईंकडे मिळते. पुडीवर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात ती मिसळावी. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घाला. लहान लेकराला दवाखान्यातून मिळणाऱ्या झिंकच्या गोळ्या सांगितल्या तितके दिवस पुऱ्या द्या. जुलाब थांबले म्हणून मध्येच सोडू नका. शौचात रक्त, डोळे खोल गेलेले, लघवी बंद, लेकरू सुस्त पडलेले असेल तर घरी थांबू नका.

ताप तीन दिवसांहून जास्त राहिला, किंवा तापासोबत अंगावर लाल ठिपके, सारखी उलटी, पोटात जोरात दुखणे असे काही असेल तर लगेच दवाखाना गाठा. पावसाळ्यात डेंगी असू शकतो. मेडिकलवरून मनाने दुखण्याची गोळी आणू नका. तापाला पॅरासिटामॉलच द्यावी, तीही वजनाप्रमाणे विचारून. खोकला दोन आठवड्यांहून जास्त चालला तर थुंकीची तपासणी करा. सरकारी दवाखान्यात ती मोफत आहे. तातडीला १०८ वर फोन केला की रुग्णवाहिका येते.

लेकरू घरी राहिलेच, तर त्याच संध्याकाळी शेजारच्या वर्गमित्राकडून त्या दिवशी काय शिकवले ते विचारून घ्यावे. आजार बरा होतो, पण बुडालेला धडा कोणी भरून काढला नाही तर तो बुडालेलाच राहतो.

न दिसणारी कारणे: रक्त, जंत, डोळे, दात

काही लेकरे आजारी दिसत नाहीत. पण सकाळी उठवत नाही, थोडे चालले की धाप लागते, वर्गात डुलक्या येतात, चेहरा फिका, जिभेवर पांढुरकेपणा. आपण म्हणतो, आळशी आहे. पुष्कळदा ते रक्त कमी असल्याचे लक्षण असते. महाराष्ट्रात पंधरा ते एकोणीस वयाच्या मुलींपैकी निम्म्याहून अधिक मुलींच्या अंगात रक्त कमी असल्याचे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले आहे.

यासाठी शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची गोळी देतात. लहान वर्गांना गुलाबी, दहा वर्षांपुढच्यांना निळी. ही गोळी जेवण झाल्यावर घ्यायची असते. ती घेतल्यावर शौच काळी होते, कधी थोडे मळमळते. त्याला घाबरू नका. गोळीच्या आगेमागे चहा देऊ नका, चहामुळे लोह अंगी लागत नाही. जेवणात लिंबू असले तर लोह चांगले लागते. शेवगा, मेथी, हरभऱ्याचा पाला, गूळ-शेंगदाणे, मटण, कलेजी, अंडी, जे परवडेल ते घासात येऊ द्या. "माझ्या मुलीला गोळी देऊ नका" असे शाळेला सांगणाऱ्या पालकांनी आधी आशाताईंशी बोलावे.

वर्षातून दोनदा, फेब्रुवारी आणि ऑगस्टच्या सुमारास, शाळेत आणि अंगणवाडीत जंताची गोळी देतात. त्या दिवशी लेकरू घरी राहिले तर काही दिवसांनी राहिलेल्यांसाठी पुन्हा एक दिवस ठेवलेला असतो. तो चुकवू नका. उघड्यावर शौचाला जाणे, अनवाणी फिरणे आणि न धुतलेले हात यांतून जंत पुन्हा होतात. म्हणून पायांत चप्पल आणि जेवणाआधी साबणाने हात, हे दोन नियम घरात पक्के करा.

लेकरू वही डोळ्यांजवळ नेऊन वाचते, फळ्यावरचे शेजाऱ्याच्या वहीतून उतरवते, संध्याकाळी डोके दुखते म्हणते, तर डोळे तपासा. सरकारी तपासणीत चष्मा लागला तर तो मोफत मिळण्याची सोय आहे. चष्म्याला "मुलीचे लग्न कसे होईल" म्हणून नकार देऊ नका. फळा दिसत नसेल तर वर्गात बसून उपयोग काय?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा प्रत्येक सरकारी शाळेत येऊन मुलांची तपासणी करते. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यात, पालघरला सुरू झाला. हृदयाचा दोष, बहिरेपणा, दातांची कीड, कातडीचे आजार, अशक्तपणा हे सारे त्यात पाहतात आणि गरज असेल तर पुढच्या दवाखान्यात पाठवतात. पथक कधी येणार हे मुख्याध्यापकांना विचारून ठेवा. त्या दिवशी लेकरू शाळेत असलेच पाहिजे. पथकाने चिठ्ठी दिली असेल तर ती कपाटात ठेवून चालणार नाही. तिच्यावर लिहिलेल्या दवाखान्यात जावे लागेल.

पाळी आली म्हणून शाळा का सुटावी?

सातवी-आठवीनंतर मुलींच्या फुल्या दर महिन्याला ठरावीक दोन-तीन तारखांना दिसू लागल्या, तर कारण ओळखा. पाळी हा आजार नाही आणि विटाळही नाही. आपण विटाळाच्या खुळाला केव्हाच नकार दिला आहे. घरातल्या मुलीच्या बाबतीतही तो नकार पाळला पाहिजे.

मुलीच्या दप्तरात एक पॅड किंवा स्वच्छ वाळवलेले कापड आणि एक कागदी पिशवी कायम ठेवा, म्हणजे शाळेत अचानक पाळी आली तरी ती घाबरणार नाही. कापड वापरत असाल तर साबणाने धुऊन उन्हात वाळवा. लपवून ओलसर जागी वाळवले की खाज आणि जखमा होतात. पोट दुखत असेल तर गरम पाण्याची बाटली कपड्यात गुंडाळून शेकावे, हलके चालावे. दर महिन्याला उठवणार नाही इतके दुखत असेल, सात दिवसांहून जास्त रक्त जात असेल, तर दवाखान्यात दाखवा. तेवढ्यासाठी शाळा सोडण्याचे कारण नाही.

शाळेत मुलींचे स्वच्छतागृह बंद असेल, पाणी नसेल किंवा कडी नसेल, तर मुली दिवसभर पाणी पीत नाहीत आणि त्या दिवसांत घरी राहतात. मुला-मुलींसाठी वेगळे स्वच्छतागृह हा शिक्षण हक्क कायद्याने घातलेला निकष आहे. मागणी करताना संकोच नको.

इथे एक धोक्याची सूचना. मराठवाड्यात बालविवाहाचे प्रमाण राज्याच्या सरासरीपेक्षा जास्त आहे. आधी मुलीचे खाडे वाढतात, मग "घरीच आहे तर" म्हणून स्थळे येऊ लागतात. अठरा वर्षांच्या आत मुलीचे लग्न लावणे गुन्हा आहे. वस्तीत असे काही ठरत असेल तर १०९८ या क्रमांकावर फोन करता येतो. फोन करणाऱ्याचे नाव गुप्त राहते.

रोज सकाळीच पोट दुखते तेव्हा

काही लेकरांचे पोट सोमवार ते शनिवार दुखते आणि रविवारी दुखत नाही. आपण म्हणतो, सोंग करते. पण भीतीने पोट खरोखर दुखते, उलटीही होते. त्याला मारून पाठवले तर भीती दुप्पट होते. घरी ठेवले तरी भीती वाढते, कारण शाळा टाळली की ती आणखी मोठी वाटू लागते.

संध्याकाळी निवांत विचारा. "शाळेत का जायचे नाही?" असा प्रश्न विचारला तर उत्तर "असंच" येते. त्याऐवजी विचारा, "जेवताना कोणाजवळ बसतो? बाकावर शेजारी कोण असते? कोणत्या तासाला नको वाटते? रस्त्यात कोणी अडवते का?" उत्तर हळूहळू येते. कधी गणिताची भीती असते, कधी मोठी मुले त्रास देतात, कधी रस्त्यावरचे कुत्रे असते. बदनापूरसारख्या गावात जालना–छत्रपती संभाजीनगर रस्ता ओलांडायचा असेल तर त्याची भीतीही खरीच असते. मग पाच-सहा लेकरांनी एकत्र जायचे आणि रस्ता ओलांडताना रोज एका घरातील मोठ्या माणसाने सोबत राहायचे, असे वस्तीत ठरवता येते.

आणि कधी कारण जात असते. जातीवरून टोमणा, वेगळे बसवणे, फक्त आपल्याच लेकरांना झाडलोट किंवा स्वच्छतागृह धुवायला लावणे. बाबासाहेबांचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. तो दिवस आज राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्याच बालपणी त्यांना वर्गात घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले. ते शाळेत जात राहिले. पण आज आपल्या लेकराला मुकाट सहन कर असे सांगण्याची गरज नाही, कारण आज कायदा आपल्या बाजूने आहे. शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ शाळेत मारणे आणि मानसिक छळ दोन्हीला बंदी घालते. जातीवरून अपमान झाला तर अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे.

असे काही कळले तर आधी लेकराला सांगा, "तुझी चूक नाही, तू सांगितलेस ते चांगले केलेस." मग काय झाले, कोणत्या तारखेला, कोण हजर होते, हे लिहून किंवा लिहवून घ्या. मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. त्यांनी लक्ष दिले नाही तर पंचायत समितीतल्या गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जा. एकट्याने जाऊ नका, वस्तीतल्या दोन-तीन पालकांनी मिळून जा. आणि हे चालू असताना लेकराची शाळा चालू ठेवा. लेकरू घरी बसले तर त्रास देणाऱ्याचेच फावते.

आदल्या रात्रीची तयारी

सकाळची शाळा आदल्या रात्री ठरते. सहा ते बारा वर्षांच्या लेकराला नऊ तास तरी झोप लागते, त्याहून मोठ्याला आठ तास. एका खोलीच्या घरात टीव्ही किंवा मोबाइल अकरापर्यंत चालला तर कोणालाच झोप लागत नाही. रात्री नऊ-साडेनऊला आवाज बंद, हा नियम घरातल्या मोठ्यांनीही पाळावा. जयंतीच्या दिवसांत परीक्षाही असतात. मिरवणुकीला लेकरू जाईलच, पण दुसऱ्या दिवशी पेपर असेल तर त्याला वेळेवर घरी आणण्याची जबाबदारी मोठ्यांची.

घरात दारू पिऊन भांडण झाले, की त्या रात्री लेकरू झोपत नाही आणि सकाळी आईला एकटे सोडून शाळेत जायला त्याचे मन होत नाही. बापाच्या पिण्याने लेकराचाही खाडा पडतो, हे पाचवे शील तोंडाने म्हणणाऱ्या प्रत्येक घराने लक्षात घ्यावे.

दप्तर, कपडे, चप्पल रात्रीच एका जागी ठेवा. सकाळी काहीतरी पोटात गेलेच पाहिजे, शिळी भाकरी आणि चटणी का असेना. शनिवारी आणि उन्हाळ्यात शाळा सकाळी लवकर भरते. तेव्हा उपाशी गेलेले लेकरू प्रार्थनेलाच चक्कर येऊन बसते. शाळेत दुपारचे जेवण मिळते. पहिली ते पाचवीसाठी रोजचे १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम धान्य ठरलेले आहे, शिवाय डाळ आणि भाजी. खाडा पडला की ते जेवणही बुडते.

वेचणीचे दिवस आणि धाकटी भावंडे

वेचणीला आई-बाप दोघे गेले, की घरी धाकट्याला कोण सांभाळणार? बहुतेक घरांत उत्तर एकच असते: मोठी मुलगी. हातावरचे पोट असलेल्या घराला दोष देऊन हा प्रश्न सुटत नाही. पण वाटणी बदलता येते.

तीन वर्षांपुढचे लेकरू अंगणवाडीत पाठवा. त्याहून लहान असेल तर वस्तीतल्या चार-पाच घरांनी मिळून ठरवावे. घरी असणाऱ्या एखाद्या आजीने सगळ्यांची लहान लेकरे सांभाळावीत आणि प्रत्येक घराने तिला रोज थोडे पैसे किंवा धान्य द्यावे. विहाराची जागा दिवसा मोकळी असते, ती यासाठी वापरता येईल. पाणी भरण्याचे काम शाळेच्या वेळेआधी किंवा नंतर, आणि ते एकट्या मुलीच्या डोक्यावर नको; मुलाच्याही हातात हंडा-बादली द्या. रविवारी आणि सुट्टीत लेकरांनी घरी मदत केली तर बिघडत नाही. शाळेच्या दिवशी मात्र शाळाच.

बाहेरगावी कामाला जाताना

दिवाळीनंतर कोयत्यावर किंवा वीटभट्टीवर जाणारी कुटुंबे लेकरांना सोबत नेतात, आणि चार-पाच महिन्यांची शाळा एकदम जाते. उचल घेण्याआधी, म्हणजे दसऱ्याच्या सुमारासच मुख्याध्यापकांना भेटा. त्यांना तीन गोष्टी विचारा.

पहिली, गावात हंगामी वसतिगृह सुरू होणार आहे का? आजी-आजोबांकडे किंवा नातेवाइकांकडे राहणाऱ्या लेकरांना त्यात हंगामभर सकाळ-संध्याकाळचे जेवण मिळते आणि शाळा आपल्याच गावात चालू राहते. किती लेकरे मागे राहणार ही यादी वेळेत गेली तरच वसतिगृह मंजूर होते. म्हणून आधी सांगणे महत्त्वाचे.

दुसरी, लेकरू सोबत न्यावेच लागले तर शिक्षण हमी पत्रक द्या. हे पत्रक दाखवले की जिथे जाल तिथल्या शाळेत लेकराला बसवून घेतात. दाखला नाही, वयाचा पुरावा नाही, वर्ष अर्धे झाले, अशा कारणांनी सहा ते चौदा वर्षांच्या लेकराला प्रवेश नाकारता येत नाही. कायदा तसा आहे.

तिसरी, मोठ्या लेकरांसाठी समाजकल्याण विभागाची वसतिगृहे आणि अनुसूचित जाती व नवबौद्ध मुला-मुलींच्या शासकीय निवासी शाळा यांचे अर्ज कधी निघतात? ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबा शासकीय वसतिगृह योजनाही २०२१ पासून आहे. बहिष्कृत हितकारिणी सभेने १९२५ साली सोलापुरात विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह काढले, कारण राहायला-जेवायला सोय नसेल तर शाळा टिकत नाही, हे बाबासाहेबांना ठाऊक होते. आज ती सोय सरकारी आहे. आपण वेळेवर मागायला हवी.

खेड्यातून बदनापूर किंवा जालन्याला शिकायला येणाऱ्या मुलींनी एसटीच्या मोफत पासची माहिती शाळेतून घ्यावी. पाचवीपासून पुढे शिकणाऱ्या ग्रामीण मुलींसाठी अहिल्याबाई होळकरांच्या नावाची ही योजना आहे. अनुसूचित जातीच्या पाचवी ते दहावीच्या मुलींना सावित्रीबाई फुले शिष्यवृत्ती आहे. जातीच्या दाखल्याचे काम जूनमध्येच उरकून घ्या, नाहीतर ऐन वेळी दोन दिवस तहसीलच्या चकरांत जातात आणि तेही शाळेचेच दिवस असतात.

शाळा आधीच सुटली असेल तर?

वर्ष-दोन वर्षे शाळा सुटलेल्या लेकरालाही परत येता येते. त्याच्या वयाला शोभेल त्या वर्गात प्रवेश आणि मागे राहिलेले भरून काढण्यासाठी विशेष शिकवणी, हा त्याचा हक्क आहे. बारा वर्षांच्या मुलाला दुसरीत बसावे लागेल, या लाजेने त्याला घरी ठेवू नका.

शाळेत आपले म्हणणे मांडण्याची जागाही आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या सदस्य महिला असतात, आणि वंचित घटकांच्या पालकांनाही त्यात प्रमाणात जागा असते. आपल्या वस्तीतली कोणती आई त्या समितीत आहे, हे शोधून काढा. कोणीच नसेल तर पुढच्या पालकसभेला दोघी-तिघींनी मिळून जा. पॅड, पाणी, कडी, वेचणीचे दिवस, रस्ता ओलांडणे हे सगळे विषय तिथे बोलायचे आहेत.

येत्या एक तारखेपासून दिनदर्शिकेवर खुणा सुरू करा. महिना संपला की विहारात वंदना झाल्यावर पाच मिनिटे थांबून प्रत्येक घराने आपले खाडे सांगावेत. कोणाला नावे ठेवण्यासाठी हे करायचे नाही. कोणाच्या घरी आजार आहे, कोणाकडे धाकटे सांभाळायला माणूस नाही, कोणाचे लेकरू घाबरले आहे, हे वस्तीला कळले की मदतीचा हात लगेच पुढे करता येतो.